ऑनलाइन लिलावात जुना रुपया घेताना: बोलीच्या आधी काय काय बघायचं?

बंदा_रुपया (धागाकर्ता)

विषय मुद्दाम आखडता ठेवतोय. राणी व्हिक्टोरियापासून सहाव्या जॉर्जपर्यंतचे चांदीचे रुपये आणि आपली शिवराई (शिवछत्रपतींच्या नावाचं तांब्याचं नाणं), एवढंच. ऑनलाइन सगळ्यात जास्त हात याच नाण्यांवर फिरतात आणि सगळ्यात जास्त माती यांच्यातच खाल्ली जाते.

आधी आपण कुठे उभे आहोत ते ओळखा. टोडीवाला, मरुधर आर्ट्स, क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी यांच्यासारखी फक्त नाण्या-नोटांचा लिलाव करणारी घरं वेगळी. तिथे कुणीतरी नाणं हातात घेऊन लॉट (लिलावातला एकेक नग) लिहिलेला असतो, लिलावाच्या अटी छापलेल्या असतात आणि बिल मिळतं. ईबेसारख्या ठिकाणी मंच एकाचा आणि माल दुसऱ्याचा; कोणीही उठून काहीही विकायला मांडू शकतो, पण पैसे मंचातून जातात म्हणून तक्रारीला जागा असते. तिसरी जागा म्हणजे फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवरचे गट. 'रात्री दहाला बोली बंद, कमेंटमध्ये आकडा टाका.' इथे मागे कुणीच उभं नसतं. ओळख आणि गटचालकाचा शब्द यावरच सगळं चालतं.

लिलावघराच्या अटी आधी वाचा, लॉट नंतर बघा. चार गोष्टी शोधायच्या: बायर्स प्रीमियम (बोलीवर लिलावघर आकारतं ते कमिशन) किती, कर कशावर लागतो, नाणं खोटं निघालं तर किती दिवसांत आणि कुणाच्या मतावर परत घेतात, आणि 'जसं आहे तसं' या कलमात कोणते लॉट येतात. दहा-वीस नाण्यांचा एकत्र लॉट बहुतेक वेळा परत होत नाही. स्लॅबमधल्या, म्हणजे तपासणी कंपनीने प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेल्या नाण्याचंही तेच.

आता हिशेब. हातोडा पडतो तो आकडा म्हणजे तुमचा खर्च नव्हे. समजा खिशातून एकूण १०,००० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. टपाल-विमा ३०० धरा, प्रीमियम आणि कर मिळून २२ टक्के धरा. मग (१०,००० − ३००) ÷ १.२२, म्हणजे ७,९५०. ही तुमची शेवटची बोली. आठ हजाराचं बटण समोर चमकत असलं तरी ७,९५० ला थांबायचं. टक्केवारी प्रत्येक घराची वेगळी, ती अटींमधून घ्या. गणिताची रीत तीच.

तळाचा भावही काढून ठेवा. १९३९ पर्यंतचा नेहमीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ चा रुपया वजनाला तेवढाच, पण चांदी निम्मी, ५.८३ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणा. घासलेला, नेहमीच्या सालाचा रुपया या आकड्याच्या दुपटीने जात असेल तर आपण काय बघायचं राहिलंय ते आधी शोधा. बऱ्याचदा काहीच राहिलेलं नसतं, दोन जण ईर्ष्येला पेटलेले असतात.

---

पावली

चांगला धागा. १९११ चा 'डुक्कर रुपया' दर लिलावात दिसतो आणि वर्णनात 'एक्स्ट्रीमली रेअर' असतंच. फोटोवरून काय बघायचं?

---

सराफकट्टा

पावली, आधी दुर्मीळपणाचं. १९११ ला पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्याच्या अलंकारात जो हत्ती कोरला, त्याची सोंड आखूड आणि पाय बुटके. लोकांना ते डुक्कर वाटलं. बोभाटा झाला, नाणी मागे घेतली, बरीचशी वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला. तरी सुमारे ७ लाख नाणी लोकांत गेली होती. म्हणजे मागणी भरपूर आहे, पण 'अतिदुर्मीळ' नाही. जे नाणं दर लिलावात दिसतं त्याला अतिदुर्मीळ कसं म्हणायचं!

ओळख मात्र सोपी आणि पक्की आहे. खोटा १९११ करायचा सोपा मार्ग म्हणजे पुढच्या एखाद्या सालाचा रुपया घेऊन शेवटचा आकडा घासून '१' करणं. साल बदलता येतं, हत्ती बदलता येत नाही. म्हणून मागच्या बाजूचा फोटो नंतर, आधी राजाची बाजू मोठी करून बघा. साल १९११ आणि हत्ती नीट हत्तीसारखा, सोंड सुटी, कान मोठा? मग साल खोटं. शेजारच्या खिडकीत १९१८-२० चा कुठलाही चांगला रुपया उघडून ठेवा, फरक लगेच दिसेल.

विक्रेत्याने नेमका तेवढाच भाग धूसर ठेवला असेल किंवा नाणं तिथेच झिजलेलं असेल तर बोली लावू नका. झिजलेल्या हत्तीवरून डुक्कर ठरवायचं म्हणजे ढगात गणपती बघण्यासारखं आहे.

---

चवली

आणि १९३९?

---

सराफकट्टा

१९३९ चा मुंबई टांकसाळीचा चांदीचा रुपया हा सहाव्या जॉर्जचा अवघड तुकडा. १९३८ मुबलक, १९३९ टंचाईचा. म्हणून '८' चा '९' करणारे कारागीर तयार झाले. इथे हत्तीसारखी सोय नाही, आकडाच बघावा लागतो.

दहापटीच्या भिंगाखाली दिसेल असा सालाचा फोटो मागा, आणि एक नको, दोन: एकात उजेड डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून. खऱ्या आकड्याच्या भोवतीची जमीन (नाण्याचा कोरा सपाट भाग) आणि नाण्याची बाकीची जमीन एकसारखी असते. चकाकी आकड्याच्या पायथ्यापर्यंत अखंड येते. कोरून काढलेल्या आकड्याभोवती बारीक ओरखडे किंवा किंचित खोलगट पट्टा दिसतो, उजेड बदलला की तिथेच वेगळी सावली पडते. चिकटवलेल्या तुकड्याच्या बुडाशी रेघ असते. आणि शेवटच्या ९ ची उंची, पोट, शेपटी त्याच सालातल्या दुसऱ्या आकड्याशी, म्हणजे १९ मधल्या ९ शी ताडून बघा. तो समोरच आहे, वेगळा नमुना शोधत बसायला नको.

माझं मत विचाराल तर १९३९ स्लॅबशिवाय किंवा जुन्या लिलावघराच्या लेखी हमीशिवाय घेऊच नये. पाचशे रुपयांच्या नाण्यात चुकलात तर शिकायला मिळतं, इथे चुकलात तर फक्त पैसे जातात.

---

ढब्बू

व्हिक्टोरियाच्या रुपयात लोक एक साधी गोष्ट बघत नाहीत. १८६२ च्या रुपयावर 'व्हिक्टोरिया क्वीन' असतं. 'एम्प्रेस' १८७७ पासून. '१८६२ एम्प्रेस' असं काही दिसलं की पान बंद करा.

दुसरं, १८६२ हे साल डायवर (नाणं पाडायच्या ठशावर) पुढे कितीतरी वर्षं तसंच ठेवलं होतं, आणि मुंबई टांकसाळीने खरं वर्ष टिंबांनी दाखवलं. म्हणून '१८६२' हे एक नाणं नव्हे, टिंबांच्या हिशेबाने अनेक प्रकार आहेत. काही किरकोळ, काही महागडे. विक्रेता टिंब मोजून लिहीत नसेल तर फोटोवर स्वतः मोजा. कधी कधी महागडा प्रकार स्वस्तात पडलेला असतो. पण झिजलेल्या नाण्यावर धूळ, खळगा आणि टिंब यांच्यात घोळ होतो, तेवढं भान ठेवा.

---

अधेली

कंपनी सरकारच्या नावाचे 'राम-सीता-हनुमान' छापलेले १६१६, १७१७, १८१८ चे अर्धे आणे लाखो रुपयांना मांडलेले दिसतात. त्यांचं काय?

---

ढब्बू

ते नाणंच नव्हे. कंपनीने असं काही पाडलं नाही. कंपनीचा खरा अर्धा आणा १८३५ आणि १८४५ सालचा, त्यावर देव-देवता नाहीत. ही जत्रेतली टोकनं आहेत. पूजेत ठेवायची तर ठेवा, बोली लावू नका.

---

बंदा_रुपया

एक जोडतो: रीस्ट्राइक. मुंबई आणि कोलकाता टांकसाळींनी जुन्या डाय वापरून संग्राहकांसाठी नाणी पाडून दिली, १९७० पर्यंत हे चालू होतं. ती खोटी नव्हेत, सरकारी टांकसाळीचीच आहेत. पण किंमत मूळ नाण्याच्या मानाने फार कमी. आरशासारखी जमीन, टोकदार कडा, आणि जमिनीवर बारीक फुगवट्यासारखे ठिपके (गंजलेल्या डायचे) दिसले की शंका घ्या. वर्णनात 'प्रूफ' (संग्राहकांसाठी खास झळाळीने पाडलेलं नाणं) एवढंच लिहिलं असेल तर थेट विचारा: मूळ प्रूफ की रीस्ट्राइक? उत्तर लेखी घ्या. 'आम्हाला माहीत नाही' हेही उत्तर आहे, आणि त्याचा अर्थ रीस्ट्राइकच्या भावाने बोली लावायची असा होतो.

---

चवली

नाणं घरी आल्यावर तपासायला काय सामान लागेल? सराफाकडे जायची सोय दर वेळी नसते.

---

नगद_नारायण

०.०१ ग्रॅमचा काटा, व्यास मोजायला व्हर्नियर, दहापटीचं भिंग, छोटं निओडिमियम चुंबक, दोरा, प्लास्टिकचा पेला. बस्स.

वजन: ११.६६. वापरलेला रुपया ११.४, ११.५ भरतो, ठीक. वापराने वजन घटतं, वाढत नाही, ११.७५ च्या वर गेलं तर थांबा. व्यास साधारण ३०.५ मिमी. गोवेकरांसाठी: पोर्तुगीज इंडियाचा १८८१-८२ चा लुईस राजाचा रुपयाही याच वजनाचा आणि कसाचा, त्यामुळे पुढची चाचणी त्यालाही चालते.

खरी चाचणी घनतेची. पेल्यात पाणी भरून काट्यावर ठेवा, काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका, हाताने लोंबतं धरा. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा.

९१.७ टक्के चांदीचा रुपया: काट्यावर १.१३ च्या जवळपास, भागाकार १०.३.
१९४०-४५ चा निम्म्या चांदीचा: १.२२, भागाकार ९.५.
तांबे-निकेलचा बनावट: १.३० च्या पुढे, भागाकार ९ च्या खाली.

म्हणजे खऱ्या-खोट्यात पाण्यातल्या आकड्याचा फरक ०.१७ ग्रॅम. ०.०१ च्या काट्याला तो सहज दिसतो, ०.१ च्या स्वयंपाकघरातल्या काट्याला नाही. नाण्याला बुडबुडा चिकटला की आकडा वाढतो आणि खरं नाणं खोटं वाटतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि नाणं एकदा हलवून घ्या. तीनदा मोजा, मधला आकडा धरा.

झीज झाली तरी घनता बदलत नाही, म्हणून ही चाचणी नुसत्या वजनापेक्षा भरवशाची.

---

पावली

चुंबक चिकटलं की खोटं, बरोबर?

---

नगद_नारायण

नाही! चांदीच्या रुपयाला चिकटलं तर खोटं. पण १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा, त्याला चुंबक चिकटलंच पाहिजे. १९५० चा रुपयाही निकेलचा. १९४७ ला चुंबक चिकटत नसेल तर उलट ते खोटं. 'चुंबक चाचणी पास' असं १९४७ च्या लॉटवर लिहिणारे विक्रेते असतात, त्यांना विचारावं लागतं: पास म्हणजे चिकटलं की नाही चिकटलं?

चांदीला चुंबकाचा दुसरा उपयोग: नाणं ४५ अंशात तिरकं धरून चुंबक वरून सोडा. चांदीवर ते अडखळत, जड झाल्यासारखं घसरतं. शिशावर किंवा जर्मन सिल्व्हरवर सर्रकन जातं. पण तांब्यावरही सावकाशच जातं, म्हणून चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याला यात पकडता येत नाही. घनता तर काढायचीच.

---

सराफकट्टा

कडही बघा. ओतीव नाण्याला कडेवर साच्याची शिवण असते, ती घासून काढली तर तिथले दाते विरळ किंवा तुटक होतात. जमिनीवर सुईच्या टोकाएवढे खळगे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल. म्हणून लॉटमध्ये फक्त दोन बाजूंचे फोटो असतील तर तिसरा, कडेचा, मागायचाच. फुकट असतो. देत नाही म्हणाला तर उत्तर मिळालं.

---

गड_आला

शिवराईवर कुणीतरी लिहा राव. गटांवर रोज 'रायगड टांकसाळ, ओरिजिनल' म्हणून दहा येतात.

---

अंकुशी

लिहितो. शिवराई हाताने ठोकलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती टिंबांची कड. चकती डायपेक्षा लहान किंवा वेडीवाकडी असायची, त्यामुळे टिंबांची पूर्ण कड क्वचितच दिसते. अक्षरांची वळणं आणि ऱ्हस्व-दीर्घ यांत खूप वेगळेपण आहे, तेव्हा अक्षर 'चुकलं' म्हणून खोटं ठरवू नका. जुनी साधारण ११ ते १३ ग्रॅम भरते, नंतरची हलकी होत जाते. 'दुदांडी' तर पेशवाईच्या अखेरची आणि कंपनीच्या काळातली. नाव छत्रपतींचंच, पण नाणं महाराजांच्या काळातलं नव्हे. शिवराई दीडशेहून जास्त वर्षं पडत राहिली आणि आज बाजारात मिळते ती बहुतेक नंतरची. 'रायगड टांकसाळ' हे शब्द विक्रेत्याचे असतात, नाण्यावर टांकसाळीचं नाव नसतं.

खोटी ओळखायची खात्रीची खूण एकच: जुळी. हाताने ठोकलेली दोन नाणी कधी हुबेहूब नसतात. ठसा इकडे-तिकडे सरकतो, कड वेगळ्या जागी फाटते. दोन शिवरायांवर तोच ठसा त्याच बाजूला सरकलेला, तीच फाट, तोच खळगा दिसला तर दोन्ही एका साच्यातून ओतलेल्या. म्हणून विक्रेत्याचे जुने लॉट उघडा, महिनाभर मागे जा आणि फोटो शेजारी लावा. अशी जोडी सापडली की पूर्ण दुकानच वगळा.

दुसरी खूण रंगाची. खरी काळवंडलेली तांब्याची पुटं धातूत मुरलेली असतात, खोल जागी गडद आणि उंच जागी हाताळून तपकिरी. खोटा हिरवा लेप रंगासारखा वर बसतो, सगळीकडे सारखा. नाणं हातात आल्यावर कापसाच्या बोळ्याला ॲसिटोन लावून कडेला हलकं टेकवा. बोळा हिरवा झाला तर लेप रंगाचा. ॲसिटोनने तांबं बिघडत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेलं आणि सुगंध असतात. शुद्ध ॲसिटोन आणा, खिडकी उघडी, गॅस बंद.

आणि चिंच-मीठ, लिंबू, पितांबरी लावून लखलखीत केलेली शिवराई 'स्वच्छ, चकाचक' म्हणून विकतात. ती तांब्याची गुलाबी झाक फोटोतही दिसते. देव्हाऱ्यातल्या तांब्याला ते शोभतं. नाण्याची मात्र अर्ध्याहून जास्त किंमत तिथेच गेली. पुन्हा रंग चढायला वर्षं लागतात.

शिवराई होन? सोन्याचा, २.७ ते २.९ ग्रॅमच्या घरात. फेसबुकवर, गटावर, ओळखीच्या ओळखीने आलेला होन घ्यायचाच नाही. यावर चर्चा नको.

---

पावली

टांकसाळीची खूण नसली तर मूळ कोलकात्याचा का?

---

ढब्बू

पंचम जॉर्जच्या रुपयात हो. मागच्या बाजूला तळाच्या फुलाखाली उठावाचं बारीक टिंब असेल तर मुंबई, नसेल तर कोलकाता. स्वतंत्र भारतात मुंबईचा चौकट-हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब, कोलकाता कोरं. १९८५ च्या रुपयावर 'एच' दिसला की लोक उड्या मारतात. तो हीटन या ब्रिटिश टांकसाळीत पाडून आणलेला, रोजच्या चलनात भरपूर होता.

---

न्यूजर्सीकर

इकडून भारतातल्या लिलावात बोली लावली तर नाणं इकडे मागवता येईल का? आणि इथल्या लिलावात आपले रुपये घेऊन तिकडे आणले तर?

---

अंकुशी

भारतातून बाहेर: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांचं झालेलं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही, टपालानेही नाही. पंचम जॉर्जचा शेवटचा चांदीचा रुपया १९२२ चा. तो २०२२ मध्येच शंभरीत गेला. म्हणजे त्याचे सगळे रुपये आता याच कुंपणात. १९३८ नंतरचे अजून बाहेर आहेत. शंभरीच्या आतलं असलं तरी बिलावर साल स्पष्ट लिहून घ्या. जुनं घ्यायचंच असेल तर पत्ता भारतातला द्या आणि नाणं इथेच ठेवा.

तिकडून इकडे आणता येतं, पण एकदा आत आलं की परत नेताना हाच कायदा आडवा येतो. सुट्टीत 'दाखवायला' म्हणून आणू नका. आणताना खरेदीचं बिल जवळ ठेवा आणि सीमाशुल्काच्या अर्जावर खरी किंमत लिहा. विक्रेता 'गिफ्ट, १० डॉलर' लिहायला तयार असतो. पाकीट हरवलं तर विमाही १० डॉलरचाच मिळेल.

शंभर वर्षांवरच्या नाण्यांचा धंदा करायला परवाना लागतो. लिलावघराकडे तो आहे का हे विचारण्यात संकोच नको. शेतात सापडलेला हंडा म्हणून कुणी विकत असेल तर दूर राहा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, ते तुमच्याकडे येताच कामा नये.

---

अधेली

स्लॅब घेतला की प्रश्न मिटला ना?

---

सराफकट्टा

अर्धा मिटतो. एनजीसी आणि पीसीजीएस या नाणी तपासून ग्रेड (दर्जा) देणाऱ्या कंपन्या, दोघांच्या संकेतस्थळावर स्लॅबवरचा क्रमांक टाकून पडताळता येतो. पण क्रमांक बरोबर आला म्हणून थांबू नका. खोटा स्लॅब खऱ्या क्रमांकानेच छापतात, कारण तो क्रमांक खरोखर अस्तित्वात असतो! साल, प्रकार, ग्रेड जुळतात का बघा, आणि तिथे फोटो असेल तर डाग जुळवा. चांदीवरचा काळा-निळा डाग बोटाच्या ठशासारखा असतो, दोन नाण्यांचा एक नसतो.

लेबलवर 'डिटेल्स' असेल तर नाणं खरं, पण साफ केलेलं किंवा इजा झालेलं. त्याच ग्रेडच्या भावाने घेऊ नका. आणि कधी न ऐकलेल्या कंपनीचा स्लॅब म्हणजे प्लास्टिकची डबी.

---

चवली

बोली शेवटच्या सेकंदाला लावायची की आधी?

---

बंदा_रुपया

मंचावर अवलंबून. ठरल्या वेळेला टाळं लागत असेल तर शेवटच्या पाच-दहा सेकंदांत लावण्याला अर्थ आहे, समोरच्याला विचार करायला वेळ मिळत नाही. बोली आली की वेळ दोन-तीन मिनिटं वाढते अशा ठिकाणी त्याचा उपयोग शून्य. तिथे कमाल बोली आधीच भरा. यंत्र तुमच्या वतीने एकेक पायरीच वाढवतं: तुमची कमाल ७,९५०, दुसऱ्याची ५,०००, पायरी २५० ची, तर तुम्हाला ५,२५० ला मिळतं.

---

नगद_नारायण

तेवढं भोळं नको. विक्रेत्याचाच माणूस बोली चढवतोय का ते बघा. एकच खातं त्याच विक्रेत्याच्या लॉटवर सतत बोली लावतं, दर वेळी थोडक्यात हरतं, आणि तेच नाणं पंधरा दिवसांनी पुन्हा विक्रीला येतं. अशा जागी कमाल बोली आधी भरून ठेवणं म्हणजे आपलं पाकीट उघडून दाखवणं. तिथे शेवटीच लावा, किंवा लावूच नका.

भावासाठी 'मागितलेली किंमत' बघू नका, 'विकलेली' बघा. ईबेवर विकलेल्या वस्तूंची चाळणी आहे, लिलावघरांचे जुने निकाल न्युमिसबिड्स या संकेतस्थळावर मिळतात. वजन-व्यास न्युमिस्टा या नाण्यांच्या ऑनलाइन सूचीवर. एका वेड्या निकालावर जाऊ नका, किमान पाच-सहा बघा आणि त्याच ग्रेडचे बघा.

---

पावली

पैसे आणि टपाल?

---

बंदा_रुपया

अनोळखी माणसाला यूपीआयने पाठवलेले पैसे म्हणजे रोख हातात दिल्यासारखे. गटावर पहिला व्यवहार लहान ठेवा. विक्रेत्याकडून नाण्याशेजारी कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेला फोटो मागा, म्हणजे उचललेले फोटो उघडे पडतात. त्याचे फोटो उलट शोधात टाकून बघा. तेच नाणं दुसऱ्या कुणाच्या लिलावात दिसलं तर संपलं. मंचावर सौदा ठरल्यावर 'बाहेर करूया, प्रीमियम वाचेल' म्हणणाऱ्याला नकार द्या, कारण तक्रारीचा रस्ताही तिथेच बाहेर पडतो.

पाकीट उघडताना न थांबता एक व्हिडिओ: आधी लेबल आणि टेप चहूबाजूंनी, मग कापणं, मग नाणं, मग लगेच काट्यावर वजन. मधे कॅमेरा बंद केला तर त्याला किंमत राहत नाही. परतीची मुदत पाकीट मिळाल्या दिवसापासून मोजतात की बिलाच्या तारखेपासून, हे अटींमध्ये बघून ठेवा. तपासणी त्याच दिवशी करा. नाणं परत करायचं असेल तर ॲसिटोनही लावू नका, आहे तसं पाठवा.

---

गड_आला

घरातला वैष्णोदेवीचा दहाचा शिक्का विकायला टाकला तर लगेच '१५ लाख देतो' असा फोन येतो, त्याचं काय?

---

ढब्बू

२०१२ चा आहे, चलनातला आहे, लाखांचा नाही. पुढे 'रिझर्व्ह बँकेची नोंदणी फी', 'जीएसटी', 'एनओसी' असे हप्ते मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती असले कोणतेही शुल्क घेत नाही. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. पहिल्या तासाभरात केला तर रक्कम मधल्या खात्यात अडवायची संधी जास्त असते. व्यवहार क्रमांक आणि समोरच्याचा यूपीआय पत्ता आधी लिहून ठेवा, फोनवर तेच विचारतात.

---

चवली

शेवटचं: नाणी ठेवायच्या मऊ प्लास्टिकच्या अल्बमने हिरवा चिकट थर येतो म्हणतात.

---

अंकुशी

येतो, पीव्हीसीमुळे. पाकिटाला नव्या रेनकोटसारखा वास येत असेल तर ते पीव्हीसी. पॉलिप्रोपिलीन किंवा मायलरची घ्या. आलेला चिकट थर शुद्ध ॲसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवला की सुटतो, घासायचं नाही, टिपून वाळवायचं. तांब्यावर मात्र फिकट हिरवी भुकटी दिसली आणि पुसल्यावर खाली खड्डा निघाला तर ते पीव्हीसी नव्हे, क्षाराचा रोग. ते नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा, आणि लॉटच्या फोटोत तशी भुकटी दिसली तर शिवराई कितीही ठसठशीत असो, सोडून द्या.